कुणाचं माप?

प्रिय चिन्मय,

परवा फोनवर मी विचारलं, बार्बीसारख्या बाहुल्यांची कंबर एवढी बारीक कशाला? तू म्हणालास, "आई, ती बाहुली आहे, बाई नाही," आणि मी फोन ठेवून दिला. रागावून नाही ठेवला. मला उत्तर सुचलं नव्हतं, आणि तसंच बोलत राहिले असते तर भांडण वाढलं असतं. आता सुचलं आहे. तू निघायच्या गडबडीत असशील, त्यामुळे हे लगेच वाचलं नाहीस तरी चालेल. तिकडे पोचून जरा स्थिरावलास की वाच.

आधी हे सांगते की मला तुझा फार अभिमान वाटतो. बाहुल्यांचे कपडे डिझाइन करायला एवढी मोठी कंपनी माझ्या मुलाला बोलावते, हे मी माप द्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ऐकवलं आहे. ताई म्हणते, आता पुरे कर. आत्याला तर मुद्दाम फोन केला. "मुलगा ना तो?" हे तू बाहुल्यांशी खेळायचास तेव्हाचं तिचं वाक्य इतकी वर्षं माझ्या डोक्यात होतं. ती परवा ऐकून घेत होती आणि मी थांबतच नव्हते.

कंबरेचा विषय आज काढायचा नाही असं ठरवून बसले होते. पण तुझ्या म्हणण्यातलं खरं मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि ते कंबरेपाशीच आहे. बाहुली माणसाच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढी, पण कापड काही सहापट पातळ होत नाही. दोरा तोच, सुई तीच, टीपही तीच. स्कर्टची पट्टी दुमडायची, तिच्यात चुण्या बसवायच्या, आत मार्जिन, खाली ब्लाउजची कड. कंबरेवर चार-चार थर येतात. अंग आधीच बारीक ठेवलं नाही तर कपडे घातल्यावर बाहुली फुगलेली दिसते. हे मला शिकवायची गरज नाही. जन्मभर मी तेच थर इस्त्रीने दाबत आले आहे.

तुझा तो अंतराळवीराचा पोशाख आठवतो? जुन्या छत्रीचं चंदेरी कापड होतं. तू मशीनखाली बसून हातशिलाईने शिवलास, आणि बाही काही केल्या चढेना, बाहुलीची बोटं आतल्या दोऱ्यात अडकायची. मग तूच तिच्या हाताला प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा गुंडाळलास, बाही सरकन वर गेली, आणि दुसऱ्या बाजूने तुकडा ओढून काढलास. मी मशीन थांबवून बघत राहिले होते. सुईत दोरा ओवायला तुला बाबांनी शिकवलं होतं, हेही विसरू नकोस. तू काहीतरी कुठल्याशा खेळण्यावरून बघून केलंस असं मला तेव्हा वाटलं होतं. बार्बीचा अंतराळवीराचा पोशाख १९६५ सालीच आला होता, माणूस चंद्रावर उतरायच्या चार वर्षं आधी, हे तूच मला पुढे सांगितलंस. म्हणजे कपड्यात ताकद असते, हे मला कुणी पटवून द्यायला नको. लहान मुलगी त्या पोशाखातून स्वतःला कुठे कुठे नेते.

पण तुझ्या थरांच्या हिशेबात एक गोष्ट धरलेलीच नाही. मुलांच्या हातात बाहुली बराच वेळ कपड्यांशिवायच असते. खेळ सुरू झाला की पहिल्यांदा कपडे निघतात, मग ते कॉटखाली जातात, एक बूट हरवतो, आणि बाहुली तशीच आठवडाभर पडून असते. चार थर निघून जातात आणि उरते ती त्यांच्यासाठी बारीक केलेली कंबर. मूल ती बघतं. सहाने गुणलं तर ती कंबर १८ इंचांच्या आसपास येते असं हिशेब करणारे सांगतात. मी माप घेतलेल्या एकाही मोठ्या बाईची कंबर १८ इंच नव्हती.

बायका काय करतात तुला माहीत आहे. टेप कमरेला लावली की पोट आत ओढतात. हसून म्हणतात, "जरा वाढलंय हो." कुणी विचारलेलं नसतं. मी बोलत नाही, श्वास सुटेपर्यंत थांबते आणि मग आकडा लिहिते, नाहीतर कपडा बसत नाही. गेल्या महिन्यात एक बाई मुलीला घेऊन आल्या, फ्रॉक शिवायचा होता. मुलगी सहा-सात वर्षांची असेल. टेप लावली तर ती श्वास रोखून उभी. मी म्हटलं, "सोड गं श्वास." ती म्हणाली, "मग माप वाढेल." ती हे आईकडून शिकली, आरशासमोर शिकली, की बाहुलीकडून, ते मी सांगू शकत नाही. पण तू परवा "बाहुली आहे, बाई नाही" म्हणालास तेव्हा मला ती मुलगी दिसली, आणि मला बोलता येईना.

१९६५ मध्येच बार्बीचा एक संच निघाला होता, मैत्रिणींकडे रात्री राहायला जाण्याचा. त्यात छोटा वजनकाटा होता, काटा ११० पौंडांवरच थांबलेला. म्हणजे पन्नास किलोच्या आत. सोबत वजन कमी करायचं इवलंसं पुस्तक, आणि त्याच्या मागच्या बाजूला एकच सल्ला छापलेला: खाऊ नका. हे कुणीतरी काढलं, कुणीतरी मंजूर केलं, कुणीतरी छापलं. ब्रिटनमध्ये २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ५ ते ८ वर्षांच्या मुलींचा. ज्या मुलींना बार्बीची चित्रं दाखवली, त्यांना स्वतःचं अंग कमी आवडू लागलं आणि आणखी बारीक व्हावंसं वाटू लागलं. ज्यांना भरल्या अंगाच्या बाहुलीची चित्रं दाखवली त्यांचं तसं झालं नाही.

बघ, कंबर नको म्हणता म्हणता कंबरच चालू आहे.

एकट्या बार्बीलाच दोष देत नाही. बार्बी जिने काढली त्या रूथ हँडलरबद्दल तूच मला सांगितलंस. तिची मुलगी कागदी बाहुल्यांशी खेळताना त्यांना मोठ्या बायका करायची, आणि बाजारात मात्र बहुतेक तान्ही बाळंच मिळायची. मुलीने खेळायचं ते आई होऊनच. ते हँडलरने १९५९ मध्ये मोडलं, आणि ते फार मोठं काम होतं. पण अंग तिने घेतलं ते लिली नावाच्या जर्मन बाहुलीवरून, आणि ती मोठ्यांसाठी, त्यातही पुरुषांना नजरेसमोर ठेवून केलेली होती. आयती मिळालेली मापं मुलींच्या हातात गेली.

त्याच हँडलरला १९७० मध्ये स्तनाचा कर्करोग झाला आणि स्तन काढावा लागला. बाजारात जो कृत्रिम स्तन मिळत होता तो तिला धड बसेना. मग तिने स्वतः कंपनी काढली, डावा वेगळा, उजवा वेगळा, वेगवेगळ्या मापांचे, आणि बायकांना स्वतः बसवून दिले. मावशीच्या ऑपरेशननंतर मी तिच्यासाठी आतून पॅड लावून ब्लाउज शिवला होता, तेव्हा ती आरशासमोर किती वेळ उभी होती ते तू दारातून बघितलंस. तू लहान होतास, तरी काही विचारलं नाहीस, नुसता माझ्या हातातल्या टाचण्या धरून उभा राहिलास. हँडलरचं हे वाचलं की मला मावशी आठवते. खऱ्या बाईच्या अंगाला हात लागल्यावर हँडलरने माप कसं घेतलं बघ.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. जगात बाहुल्यांवरून जेवढी भांडणं झाली, त्यातली बरीचशी कपड्यांवरून झाली. १९८० पासून 'डॉल्स ऑफ द वर्ल्ड' म्हणून बार्बीची मालिका निघाली. एकेका देशाचा पोशाख, आणि आत बहुतेक वेळा तेच अंग, थोडेफार बदललेले तेच चेहरे. इराणने २००२ च्या सुमारास सारा आणि दारा या बाहुल्या आणल्या, बहीण-भाऊ, अंग झाकलेले. सौदी अरेबियाने २००३ मध्ये बार्बीवर बंदी घातली, आणि त्याच वर्षी सीरियातल्या कंपनीची फुल्ला नावाची बाहुली आली, पायघोळ अबाया आणि हेडस्कार्फ घेऊन. तिची छाती लहान केली होती, पण बांधा तसाच सडपातळ राहिला. नायजेरियात ताओफिक ओकोया यांनी 'क्वीन्स ऑफ आफ्रिका' या बाहुल्या काढल्या, तिथल्या हौसा, इग्बो, योरुबा समाजांच्या पोशाखांतल्या. त्यांनी आधी अंग भरलेलं करून पाहिलं होतं, पण मुलांनाच ते आवडेना, म्हणून बाहुल्या पुन्हा बारीक झाल्या. हे वाचून मला फार वाईट वाटलं. आपलीच म्हणून केलेली बाहुली, आणि डोळ्यांना सवय आधीच दुसऱ्या मापाची लागलेली.

चेहऱ्याचंही तेच. फ्रान्सी ही बार्बीच्याच कंपनीची बाहुली. १९६७ मध्ये काढलेल्या काळ्या फ्रान्सीला गोऱ्या फ्रान्सीचाच साचा वापरला होता, वर फक्त रंग बदलला. १९८० मध्ये किटी ब्लॅक पर्किन्स या डिझायनरने काळी बार्बी केली, आखूड कुरळे केस आणि लाल पोशाख, तेव्हा निदान तिला बार्बी हे नाव मिळालं.

आणि डॉक्टरचा कोट घातला की झालं, असंही नाही रे. २०१४ च्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात ४ ते ७ वर्षांच्या मुलींना थोडा वेळ खेळू दिलं. काहींना डॉक्टर बार्बी, काहींना फॅशनची बार्बी, काहींना बटाट्याच्या आकाराची बाहुली. मग विचारलं, मोठेपणी तू काय काय होऊ शकतेस, आणि मुलगे काय काय होऊ शकतात? बार्बीशी खेळलेल्या मुलींनी स्वतःसाठी कमी कामं सांगितली, मुलग्यांसाठी जास्त. कोट होता तरीही. अभ्यास छोटाच होता, थोड्याच मुली होत्या. पण आयुष्य कपडे शिवण्यात घालवलेल्या बाईला तो टोचतो. तू कपडा कितीही सुंदर कर, तो कुठल्या अंगावर चढणार हे कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं, आणि ते ठरतं त्या खोलीत तू असशील की नाही, मला कळत नाही.

व्याख्यान झालं, मला माफ कर. तू हे सगळं शिकून आलास, आणि यातलं निम्मं मला तुझ्याकडूनच कळलं.

खरं सांगू? भीती कंबरेची नाही, तुझ्या गप्प बसण्याची आहे. दहावीत तू सगळ्या बाहुल्या एका खोक्यात भरून माळ्यावर ठेवल्यास. प्रत्येकीचा कपडा घडी घालून वेगळा. कुणीतरी काहीतरी बोललं असणार. मी विचारलं तर म्हणालास, "जागा होत नव्हती." मुलाने बाहुलीचे कपडे बदलले तर लोकांना सहन होत नाही, म्हणून १९६४ मध्ये जी. आय. जो हा खेळण्यातला सैनिक बाजारात आणला तेव्हा त्याला बाहुली म्हणायचंच नाही असं कंपनीने ठरवलं. त्यालाही बूट, सदरे, टोप्या होत्या, आणि मुलं ते तासन्‌तास चढवायची-उतरवायची. तू ते वाचून मला दाखवलंस, आणि तुझा चेहरा किती मोकळा झाला होता. पण ते खूप वर्षांनी. दहावीत तू काही न बोलता खोकं उचललंस. वरची माणसं ठाम बोलायला लागली की तू असाच गप्प होतोस, बाबांसारखा. तिथे सगळेच तुझ्यापेक्षा अनुभवी असतील. कुणी म्हणेल, अंग ठरलेलं आहे, तू फक्त कपडे बघ. तू मान हलवशील आणि रात्री झोपणार नाहीस.

बदलता येत नाही असं कुणी म्हणालं तर २०१६ सांग. बार्बीची उंच, ठेंगणी आणि भरल्या अंगाची अशी तीन नवी अंगं त्या वर्षी आली. भरल्या अंगाच्या बाहुलीला जुने कपडे होईनात, म्हणजे नवं कटिंग, नवा खर्च आला, आणि तो त्यांनी केला. तुमच्या कंपनीला नवा साचा परवडणार नसेल तर पट्टी कमरेवर न घेता थोडी खाली घे, चुण्यांऐवजी कळ्या घे, अस्तर काढून टाक, कड दुमडण्याऐवजी अगदी पातळ कापडाने बांध. थर कमी झाले की कंबर बारीक ठेवायचं कारणच उरत नाही. हे शिवणाराच सांगू शकतो. तू सांग. एकदा सांगून ऐकलं नाही तर पुन्हा सांग. ऐकलंच नाही तर मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.

कात्री चामड्याच्या पिशवीतच ठेव, सामानात मोकळी टाकू नकोस. जेवणाच्या वेळा पाळ. आणि कंपनीचा नियम आड येत नसेल तर तुझ्या पहिल्या ड्रेसचं पेपर कटिंग मला पाठव. मी ते कापून शिवून बघते, आणि पट्टी कुठे जाड होते ते खुणा करून लगेच परत पाठवते.

तुझी,
आई