वायरलेस बोर्ड आणलात, पण पहिल्या दिवशी वायफाय नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या विद्यार्थ्यांच्या पानावर एआय, रोबोट, स्मार्ट घर यावर बरंच काही येतं आणि मी ते आवर्जून वाचतो. पण ते वाचून ज्या पोरापोरींना स्वतः काहीतरी करून बघावंसं वाटतं आणि जे हौसेनं ईएसपी३२ नाहीतर पिको डब्ल्यूसारखा वायरलेस बोर्ड (आपण लिहिलेला प्रोग्राम चालवणारा, वायफाय असलेला छोटा सर्किट बोर्ड) मागवतात, त्यांनी पुढं काय करायचं हे कुठंच येत नाही. मी अशा मुलांना अडलं की मदत करतो म्हणून सांगतो, बोर्ड खोक्यातून निघतो, यूएसबीला लागतो, लाल लाईट पेटते आणि गाडी तिथंच अडते, मग काही दिवसांनी तो बोर्ड ड्रॉवरमध्ये जाऊन पडतो. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण अडलेलं कारण बहुतेक वेळा अगदी किरकोळ असतं.

माझं म्हणणं एवढंच की पहिल्या दिवशी वायफाय आणि ब्लूटूथला हातच लावू नका, आधी बोर्डशी तारेनं, म्हणजे यूएसबी केबलनं, बोलायला शिका. शिकवणारे बरेच व्हिडिओ सुरुवातच मोबाईलवरून लाईट लावण्यापासून करतात, आणि ते चाललं नाही की नवख्या माणसाला कळतच नाही की घोळ केबलमध्ये आहे, ड्रायव्हरमध्ये (कॉम्प्युटरला बोर्ड ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर), कोडमध्ये, पॉवरमध्ये की राऊटरमध्ये. तारेनं एक साधी ओळ बोर्डाकडून कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर आणता आली की यातल्या बऱ्याच शंका तिथंच मिटतात.

आता केबलचंच घ्या. काही चार्जिंग केबलमध्ये फक्त पॉवरच्या तारा असतात, डेटाच्या नसतातच, त्यामुळं बोर्डावरची लाईट लागते आणि सगळं ठीक वाटतं पण कॉम्प्युटरला बोर्डाचा पोर्ट (ज्यातून बोर्डाशी बोलायचं ती जोडणी) दिसत नाही, आणि पोरं सॉफ्टवेअर परत परत इन्स्टॉल करत बसतात. केबल बदलूनही पोर्ट दिसला नाही तर ईएसपी३२ च्या बोर्डावर यूएसबीजवळची छोटी चिप बघायची, तिच्यावर बहुतेक सीपी२१०२ नाहीतर सीएच३४० असं काहीतरी असतं, त्या नावाचा ड्रायव्हर टाकायचा. लिनक्सवर उलटं होतं, पोर्ट दिसतो पण उघडत नाही, तेव्हा उबंटूसारख्या सिस्टीममध्ये आपल्या युजरला डायलआउट (dialout) ग्रुपमध्ये, म्हणजे पोर्ट वापरायची परवानगी असलेल्यांत, घालून एकदा लॉगआउट करून परत यायचं. आणि स्क्रीनवर अगम्य अक्षरं आली तर बोर्ड बिघडला म्हणून घाबरायचं नाही, बहुतेक वेळा बोर्डाचा आणि कॉम्प्युटरचा डेटाचा स्पीड जुळत नसतो. ईएसपी३२ च्या आधीचा ईएसपी८२६६ तर चालू होताना पहिल्या ओळी साधारण ७४८८० च्या स्पीडनं पाठवतो आणि आपण ११५२०० लावून बसलेले असतो.

पिन (बोर्डाच्या कडेची वायर जोडायची टोकं) हा मात्र असा विषय आहे की यावर तुमच्या पानाची अख्खी एक बाजू खर्ची पडली तरी चालेल. ईएसपी३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात, ५ व्होल्टचा सिग्नल थेट दिला तर चिप जाऊ शकते. ६ ते ११ या पिना साध्या मॉड्यूलमध्ये प्रोग्राम साठवणाऱ्या आतल्या फ्लॅश मेमरीला जोडलेल्या असतात, त्यांना हात लावायचा नाही. ३४ ते ३९ फक्त इनपुटच्या, तिथं एलईडी लावून कितीही वाट बघितली तरी पेटणार नाही. १२ नंबरची पिन चालू होताना वर खेचलेली (३.३ व्होल्टकडे ओढलेली) असेल तर फ्लॅशचं व्होल्टेज चुकीचं निवडलं जातं आणि बोर्ड सुरूच होत नाही, आणि ती वायर काढली की लगेच चालतो!

मध्यंतरी एका मुलीनं मातीचा ओलावा मोजायचा सेन्सर २५ नंबरच्या पिनला लावला होता, आकडे छान येत होते, पण वायफाय जोडलं रे जोडलं की आकडे गायब. तिनं सेन्सर बदलला, वायरी बदलल्या, कोड पुन्हा लिहिला. कारण एवढंच होतं की ईएसपी३२ मध्ये अॅनालॉग, म्हणजे कमीजास्त होणारं व्होल्टेज, मोजणारे दोन भाग आहेत, त्यातला दुसरा वायफाय चालू असताना वापरता येत नाही आणि २५ नंबर त्या दुसऱ्या भागात येतो. वायर ३४ वर हलवली आणि काम झालं. हे कंपनीच्या कागदांत स्पष्ट लिहिलेलं आहे, पण इंग्रजीत आणि शेकडो पानांच्या आत, तिथं शाळकरी पोरगी कशी पोचणार?

पिको डब्ल्यूचंही तसंच. २०२२ मध्ये तो आला तेव्हा आधीच्या साध्या पिकोचा एलईडी लुकलुकवणारा प्रोग्राम त्याच्यावर टाकला तर काहीच होत नव्हतं, कारण साध्या पिकोत एलईडी २५ नंबरला आहे आणि डब्ल्यूमध्ये तो वायरलेस चिपला जोडलाय.

हे सगळं जमलं की मग खुशाल वायफाय चालू करा, पण तेही थेट जोडायचं नाही, आधी आसपासची नेटवर्क शोधून नावं दाखवणारा प्रोग्राम चालवायचा. आपल्या नेटवर्कचं नाव यादीत नसेल तर ते ५ गिगाहर्ट्झवर असू शकतं, हे दोन्ही बोर्ड फक्त २.४ वाले आहेत. वायफाय सुरू होताना बोर्ड परत परत रीस्टार्ट होत असेल आणि ब्राउनआउट (व्होल्टेज खाली गेलं) असा मेसेज येत असेल तर बहुतेक वेळा कोडमध्ये शोधण्यात अर्थ नसतो, त्या क्षणी करंट एकदम वाढतो आणि लांब बारीक केबल किंवा कमजोर पोर्ट तो देऊ शकत नाही. अँटेनाच्या बाजूला धातू आणि वायरींचा गुंता ठेवू नका. आणि कोड इतरांना देताना त्यातला वायफायचा पासवर्ड आधी काढा, हे मोठी माणसंसुद्धा विसरतात.

तर विनंती अशी की पानावर एका वेळी एकच बोर्ड घ्या, त्याचा पिनांचा तक्ता मोठा छापा आणि कुठली पिन कधी वापरायची नाही ते शेजारी सोप्या मराठीत लिहा, म्हणजे मुलांना कात्रण टेबलासमोर चिकटवता येईल. मजकूर लिहून द्यायला आणि प्रत्यक्ष बोर्डावर तपासून द्यायला मी तयार आहे, मानधन नको.

आपला,
एक नियमित वाचक