औषध सापडले, पण ते बनवत कोण राहणार?

महोदय,

परोपजीवींच्या चयापचयावर घाव घालणारे नवे औषध दृष्टिपथात आल्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. मात्र एखादे एन्झाइम, म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, प्रयोगशाळेत बंद पाडता आले, एवढ्यावरच त्या थांबतात. परोपजीवींच्या पेशी जीवाणूंपेक्षा आपल्या पेशींना कितीतरी जवळच्या असल्याने त्यांचे एन्झाइम रोखताना रुग्णाचेही तेच एन्झाइम रोखले जाण्याची भीती असते, आणि दोघांतला नेमका फरक शोधण्यातच संशोधकांची वर्षे जातात.

हा फरक कधी अगदी अनपेक्षित ठिकाणी असतो. आफ्रिकेतील निद्रारोगावर वापरले गेलेले एफ्लोर्निथिन मुळात कर्करोगासाठी तपासले जात होते. ऑर्निथिन डिकार्बोक्सिलेज या एन्झाइमला कायमचे चिकटून ते त्याला निकामी करते, आणि पेशींच्या वाढीला लागणारी पॉलिअमाइन्स तयार होईनाशी होतात. हे एन्झाइम माणसातही असते. परंतु आपल्या पेशींत ते काही मिनिटांतच मोडू लागते आणि त्याच्या जागी नवे येत राहते, तर निद्रारोगाचा परोपजीवी असलेल्या ट्रिपॅनोसोमाच्या गॅम्बियन्स या उपजातीत ते दीर्घकाळ टिकते, त्यामुळे निकामी झालेल्याची जागा लवकर भरून निघत नाही. ऱ्होडेसियन्स या उपजातीत ते लवकर बदलले जाते, आणि तिथे हे औषध फारसे चालत नाही. एखादे एन्झाइम किती वेगाने मोडते, हा अभ्यास एरवी कोणालाही निरुपयोगी वाटला असता.

अमेरिकेत 1990 मध्ये या औषधाला मान्यता मिळाली. त्याआधी रोग मेंदूपर्यंत पोहोचलेल्यांना आर्सेनिकयुक्त मेलार्सोप्रॉल द्यावे लागे, ज्याने सुमारे 5 टक्के रुग्ण दगावत. तरीही पुढे काही वर्षांतच, नफा नाही म्हणून, एफ्लोर्निथिनचे उत्पादन थांबले. चेहऱ्यावरचे केस कमी करणाऱ्या मलमात तेच रसायन उपयोगी ठरल्यावर आणि मदतसंस्थांनी पाठपुरावा केल्यावर, 2001 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेशी करार होऊन पुरवठा पुन्हा सुरू झाला. मरणाऱ्या माणसाचे औषध बाजाराच्या अशा योगायोगावर अवलंबून राहावे, हे मला अक्षम्य वाटते.

म्हणून, ज्या औषधाच्या संशोधनावर वा चाचण्यांवर सार्वजनिक पैसा खर्च झाला आहे, त्याचे उत्पादन थांबवायचे असल्यास ते बनवण्याची कृती आणि हक्क दुसऱ्या उत्पादकाकडे सोपवण्याची अट निधी देतानाच करारात घालावी. वृत्तपत्रांनीही अशी बातमी देताना ते एन्झाइम माणसात आहे का आणि औषध पुढे कोण बनवणार, हे दोन प्रश्न संशोधकांना अवश्य विचारावेत.

– एक वाचक