'दुसरं कधी?' विचारण्याआधी

मूल वर्षाचं झालं की घरोघरी 'आता दुसरं कधी?' सुरू होतं. पहिल्या बाळंतपणात ती बाई कशातून गेली, याची चौकशी कोणी करत नाही. माझ्या भावजयीला शेक-शेगडी, डिंकाचे लाडू सगळं मिळालं. पण ती नळ सोडून न्हाणीघरात रडत बसायची, बाळाला उचलावंसंही तिला वाटत नसे. 'दूध कमी येतंय म्हणून चिडते,' असं म्हणून सगळ्यांनी विषय संपवला. आज दुसऱ्याचं नाव काढलं की तिचा चेहरा उतरतो. तिला मुलांची हौस आहे, पण ते दिवस पुन्हा नकोत.

जागतिक आरोग्य संघटनेनुसार विकसनशील देशांत बाळंतपणानंतर सुमारे २० टक्के स्त्रियांना मानसिक आजार, मुख्यतः नैराश्य, होतो. त्यावर उपचार आहेत. आशाताई पहिल्या ४२ दिवसांत घरी येऊन बाळाचं वजन करतात. त्याच भेटीत बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठीच्या एडिनबर्ग प्रश्नावलीचे १० प्रश्न आईला विचारायला हवेत. 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक बाळंतिणीच्या कार्डावर ठळक छापावा आणि नवऱ्यालाही सांगावा. ती सावरेपर्यंत सासर-माहेरच्यांनी दुसऱ्याचा विषय काढू नये, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, सातारा