नॉर्वेजियन जोडशब्द : आधी सांधा, मग जोर

संपादक महोदय,

क्रीडापानांवरचा फुटबॉलपटू 'हालँड' नॉर्वेत 'होलान' असतो. जोड 'ए'चा उच्चार तिथे 'ओ' होतो आणि शेवटचा 'डी' मुका राहतो. एवढे चालून जाईल. खरी गफलत होते ती त्या भाषेतल्या लांबलचक जोडशब्दांत, विशेषतः ओळीच्या शेवटी ते तोडताना.

अक्षरे मोजण्याआधी सांधा शोधावा. रात्रीच्या रेल्वेला 'नात्तोग' म्हणतात : नात (रात्र) अधिक तोग (गाडी). पहिल्या पदाच्या शेवटी दोन 'टी', दुसऱ्याच्या सुरुवातीला एक. जोडून लिहिताना तिनातला एक गळतो, पण ओळीवर शब्द मोडला की तो परत आणावा लागतो. न आणल्यास पहिल्या तुकड्यात एकच 'टी' उरतो आणि वाचणारा आखूड स्वर लांबवतो. बसथांब्याच्या 'बुस्तॉप'मधल्या तीन 'एस'चेही तेच. सांध्यात भरीला आलेला 'एस' किंवा 'ई' नेहमी पूर्वपदाकडे ठेवावा. लिंग मात्र उत्तरपदाचे. आपला 'देव' पुल्लिंगी असून 'देवघर' नपुंसकलिंगी, तसेच.

मुख्य आघात पूर्वपदावर, दुय्यम उत्तरपदावर. पण पूर्वपदावर म्हणजे पहिल्या अक्षरावर नव्हे! केळ्याच्या सालीला 'बानानस्काल' म्हणताना जोर 'नान'वर पडतो, कारण सुट्या 'बानान'मध्येही तो तिथेच असतो. स्तावांगर शहराच्या नावातही जोर 'वां'वर आहे. तिथे जोडशब्दाचा नियम लावून 'स्ता'वर आपटू नये.

शब्द सुटे लिहिले की दोन्हींवर पूर्ण जोर येतो आणि अर्थ पालटतो. 'लामेलोर' म्हणजे कोकराची तंगडी, 'लामे लोर' म्हणजे लुळ्या मांड्या. धूम्रपानबंदीच्या पाटीवर 'रॉइकफ्रीत' तोडून लिहिले, तर 'खुशाल ओढा' असा परवाना मिळतो.

देवनागरीत लिहिताना इंग्रजीच्या सवयीने सरसकट 'ट' लावू नये. सुटा 'टी' तिथे दंत्य, आपल्या 'त'सारखा. ओस्लोकडच्या बोलीत मात्र 'र'ला लागून आला की दोन्ही मिळून 'ट' होतो, अगदी सांध्यावरसुद्धा. तिथल्या संसदेचे नाव स्तूर (मोठी) आणि तिंग (सभा) यांचे मिळून झाले आहे. त्याचा उच्चार 'स्तूटिंग', आणि निश्चितार्थी (इंग्रजी 'द'च्या अर्थाच्या) प्रत्ययासह 'स्तूटिंगे'. तो प्रत्यय 'ई-टी' असा लिहितात, पण त्यातला 'टी' उच्चारत नाहीत. तेव्हा 'स्टॉर्टिंगेट' छापू नये, ही विनंती.

– एक वाचक, पुणे