‘कुंकू’ पाहताना पिकलेला हशा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या फोंडा तालुक्यातील एका गावी प्रभात फिल्म कंपनीचा १९३७ सालचा ‘कुंकू’ हा चित्रपट दाखवण्यात आला. त्यानंतर बोलताना एका वक्त्याने ‘असला रडका मेलोड्रामा आता कुणाला पटणार?’ असा शेरा मारला आणि सभागृहात हशा पिकला. तो हशा मनाला लागला, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मुळात ‘कुंकू’ रडका नाही. फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याच घरात राहून त्याच्याशी संसार करण्यास ठाम नकार देते आणि शांता आपटे यांनी ती उभी केली आहे ती करारी म्हणून, केविलवाणी म्हणून नव्हे. प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणण्याचे सर्वांत हुकमी साधन म्हणजे पार्श्वसंगीत, तेच व्ही. शांताराम यांनी येथे वर्ज्य केले. त्यामुळे घड्याळाच्या टोल्यासारखा घरातला साधा आवाजही अंगावर येतो.

जरठ-बाला विवाहावर नाटककार गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ सालीच ‘संगीत शारदा’ हे नाटक रंगभूमीवर आणले होते. मात्र तेथे म्हाताऱ्या भुजंगनाथाचे शारदेशी ठरलेले लग्न मोडते ते वधूवर सगोत्र निघाल्यामुळे, म्हणजे शास्त्राच्या आधाराने. शारदेची इच्छा काय, हा प्रश्न मांडवात निर्णायक ठरत नाही. ‘कुंकू’मध्ये लग्न लागून गेलेले आहे, शास्त्राने आपले काम केले आहे आणि तरीही नीरा ‘नाही’ म्हणते. अडतीस वर्षांत मराठी समाजाला पडलेला प्रश्न किती पुढे सरकला, हे मला या एका फरकात जितके स्पष्ट दिसते तितके सुधारकांच्या भाषणांतही दिसत नाही.

माझी आजी बिजवराला दिलेली होती. देवळापुढच्या मांडवात उत्सवी नाटक म्हणून गावातल्याच मंडळींनी केलेले ‘शारदा’ तिने पाहिले होते आणि म्हातारपणी त्याची आठवण निघाली की पदराने डोळे टिपून ती एवढेच म्हणे, ‘त्या चलयेक कोणेंच विचारूंक ना’ (त्या मुलीला कुणी विचारलेच नाही). स्वतःच्या लग्नाबद्दल ती आम्हांपाशी कधी एक शब्दही बोलली नाही. लिहितावाचता न येणाऱ्या त्या पिढीतील बायकांपर्यंत निबंध आणि अग्रलेख पोहोचतच नव्हते. जे पोहोचले ते हे नाट्य.

मेलोड्रामाची, म्हणजे भावनाट्याची, अशी उपेक्षा परदेशातही झाली. हॉलिवूडचे दिग्दर्शक डग्लस सर्क यांच्या ‘ऑल दॅट हेवन अलाऊज’ (१९५५) या चित्रपटात विधवा आईने पुन्हा लग्न करू नये म्हणून अडून बसलेली मुले अखेर तिच्या सोबतीला दूरचित्रवाणी संच आणून देतात आणि त्याच्या काळ्या काचेत तिला स्वतःचाच एकाकी चेहरा दिसतो. अशा दृश्यांतील समाजटीका समीक्षकांनी मानली ती बऱ्याच वर्षांनंतर.

‘कुंकू’चा शेवट मला आजही खटकतो. नवऱ्याच्या, म्हणजे वकील काकासाहेबांच्या, आत्महत्येने नीरेची वाट मोकळी होते, पण तिला बांधून ठेवणारी रूढी जागच्या जागीच राहते. त्या वक्त्याने यावर बोट ठेवले असते, तर मी आनंदाने ऐकले असते.

पणजीत दरवर्षी आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. त्या दिवसांत ‘कुंकू’ आणि प्रभातचाच ‘माणूस’ हे चित्रपट फोंडा, पेडणे, डिचोली येथे दाखवावेत आणि खेळ संपल्यावर प्रेक्षकांतील वयस्क स्त्रियांना आधी बोलू द्यावे, अशी आयोजकांना आपल्या पत्राद्वारे विनंती आहे.

आपला,
एक वाचक, फोंडा