बाबा, राजीनामा देऊ नका

पुणे, रविवार रात्र

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आईचा आवाज ऐकला तेव्हाच कळलं, घरात काहीतरी बिनसलंय. बाबा, कंपनीच्या ऑफिसात बोलावून तुमच्या हातात पगार जप्तीचा कागद दिला त्याला आज नऊ दिवस झाले. नऊ दिवस तुम्ही तिकडे नाशिकला सिडकोतून सातपूरला जाऊन मशीनवर उभे राहिलात, डबा अर्धा परत आणलात आणि कुणाजवळ बोलला नाहीत. रमेशकाकांच्या टेम्पोच्या कर्जाला तुम्ही जामीन राहिलात, यात लपवण्यासारखं काय होतं? मित्राच्या शब्दाखातर सही केलीत. कायद्यात मात्र जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, म्हणून फायनान्स कंपनी तुमच्याकडे आली.

आई म्हणाली, राजीनामा देऊन पीएफ काढायचा आणि एकदाचं फेडून टाकायचं, असं तुमच्या मनात आहे. बाबा, पाया पडते, हे करू नका. पीएफ खात्यातल्या रकमेला कोर्टाच्या जप्तीचा हात लागत नाही. कायद्याने राखून ठेवलेला पैसा आपणच काढून का द्यायचा?

दोन दिवस मी ऑफिसातल्या वकील मैत्रिणीजवळ बसून दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० समजून घेतलं. हुकूमनामा, म्हणजे दाव्यात कोर्टाने दिलेला निकालाचा आदेश, पोटगीचा नसेल तर पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश जप्त करताच येत नाहीत. तुमचा पगार २८,०००. हजार बाजूला काढले की राहिले २७,०००, त्याचा तिसरा हिस्सा ९,०००. म्हणजे कितीही झालं तरी महिन्याला १९,००० घरात येणारच. आई, सगळा पगार जाणार म्हणून तू दोन रात्री जागलीस, तेवढ्यासाठी हा हिशोब आधी लिहिला. शिवाय एकाच हुकूमनाम्यापोटी पगाराची जप्ती एकूण २४ महिनेच चालते, पुढे त्या हुकूमनाम्यासाठी पगार कायमचा मोकळा. बाकी देणं मात्र तसंच उभं राहतं आणि ते घरावर येऊ शकतं, म्हणून नुसते दिवस काढून भागणार नाही.

पण मला खरा आधार वाटतो तो त्याच कलमातल्या दुसऱ्या एका ओळीचा. मजुराची मजुरी जप्तीतून पूर्ण वगळलेली आहे, आणि मजूर म्हणजे फक्त अकुशल नाही, कुशल कामगारही त्यात येतो असं तिथेच स्पष्ट लिहिलंय. बाबा, तुम्ही २६ वर्षं लेथ चालवताय. तुमच्या अंगठ्यात रुतलेला लोखंडाचा कीस आई दिव्याखाली धरून सुईने काढायची, ते मी लहानपणापासून बघत आले. पगाराच्या स्लिपवर तीन वर्षांपासून ‘सुपरवायझर’ लिहितात म्हणून तुमचा हात मशीनवरून उठला का? तुम्ही प्रत्यक्षात काय काम करता ते कोर्टासमोर यायला हवं. मान्य करायचं की नाही ते कोर्ट ठरवेल, पण हा अर्ज आपण करायचाच. कंपनीकडून कामाच्या स्वरूपाचं पत्र मागून ठेवा. मागायला संकोच करू नका.

दुसरं, दाव्याचं समन्स आपल्याला मिळालंच नव्हतं ना? ते जुन्या पत्त्यावर गेलं असणार. तसं असेल तर आपली बाजू न ऐकता झालेला एकतर्फी हुकूमनामा रद्द करायचा अर्ज देता येतो, आणि तो निकाल कळल्यापासून ३० दिवसांत द्यावा लागतो. त्यातले नऊ गेले. म्हणून मी एवढी घाई करतेय.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळण्याची तरतूद कायद्यातच आहे.

हप्त्यांवर तडजोड करायची झाली तर लोकअदालतीत करू. पण तिथे सही केली की अपील नाही, म्हणून झेपेल तेवढाच हप्ता कबूल करायचा. त्यांचा माणूस घरी आला तर रोख पैसे देऊ नका, कोऱ्या कागदावर सही तर मुळीच नको. कोर्टाबाहेर दिलेल्या पैशाची नोंद दरखास्तीत, म्हणजे कोर्टातल्या वसुलीच्या अर्जाच्या कामात, झाली नाही, तर वसुली करणारं कोर्ट ते पैसे धरतच नाही. मागे तुम्ही १५,००० दिलेत, त्याची पावती शोधा.

रमेशकाकांशी भांडू नका. पण जामीनदाराने भरलेले पैसे मूळ कर्जदाराकडून मागण्याचा त्याला हक्क असतो, हे त्यांना शांतपणे सांगावं लागेल. तुम्हाला जमत नसेल तर मी बोलेन.

मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघते. आई, पत्र्याच्या ट्रंकेतली बाबांची नेमणुकीची ऑर्डर, गेल्या वर्षभराच्या स्लिपा आणि तो कोर्टाचा कागद एका पिशवीत काढून ठेव. आणि बाबा, उद्यापासून डबा पूर्ण खाऊन या.

तुमची लेक