टाकळा, रुई उपटताय तर फुलपाखरं कुठून येणार?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरशी माझं नातं जरा वेगळंय. शाळेत असताना त्याच्याच तिकोनी पुड्या करून मी फुलपाखरं ठेवायचो. मच्छरदाणीच्या कापडाचं जाळं, छातीला हलका चिमटा, पुडी, मग घरी थर्माकोलवर पंख पसरून टाचण्या. रविवारी सकाळी पांडवलेण्याच्या पायथ्याला गेलं की खोक्यात पाच-सहाची भर पडायचीच. आई डांबरगोळ्यांच्या वासाला वैतागलेली, त्यात एका पावसाळ्यात लाल मुंग्यांनी सगळ्यांच्या मिशा खाल्ल्या ते वेगळंच.

त्या खोक्यात एक केशरी प्लेन टायगर होतं, म्हणजे मला तसं वाटायचं. कॉलेजात असताना एकदा नीट बघितलं तर मागच्या पंखावर मधोमध जे तीन-चार काळे ठिपके असतात ते नव्हतेच, वरच्या कडेला फक्त एक. ती निघाली डॅनेड एगफ्लायची मादी! प्लेन टायगर लहानपणी रुईची पानं खाऊन विषारी झालेलं असतं म्हणून पक्षी त्याच्या नादी लागत नाहीत, आणि ही बाई नुसतं त्याचं सोंग घेऊन फिरते. पक्ष्यांसाठीचं सोंग, फसलो मी. वर ही जात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित, ते कळल्यावर पोटात गोळाच आला. बरं कुठे, कधी पकडलं याची चिठ्ठीही लावली नव्हती, म्हणजे अभ्यासालासुद्धा उपयोग शून्य. तेव्हापासून जाळं बंद, आता मोबाईलवर फोटो.

पण आता फोटोला तरी काय उरलंय? आमच्या सोसायटीत दरवर्षी गणपतीच्या आधी कटर फिरतो आणि टाकळा, रुई सगळं साफ, नेमकं ग्रास यलो आणि प्लेन टायगरची अंडी-अळ्या त्यावर असतात तेव्हाच. मग तिथे लॉन, आणि भिंतीवर रंगवलेलं ब्लू मॉर्मन, २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू ना! ते अंडी घालतं लिंबावर, आणि शेजारचे काका लिंबावर औषध मारतात कारण पानावर 'पक्ष्याची शीट हलतेय'. काका, ती त्याचीच अळी असू शकते हो.

सोसायटीवाल्यांना एवढंच सांगणं, कापायचंच तर दिवाळीनंतर कापा आणि कंपाउंडच्या कडेची रुई राहू द्या. यंदा मी दोन झाडं वाचवलीत, कटरवाल्याला चहा पाजून.

- एक वाचक, इंदिरानगर, नाशिक